शनिवारी हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावलंय. करू का?

कर्वेनगरची मधली

बाबा जूनमध्ये गेले. मागे आई (वय ७८), थोरली अक्का, मी आणि धाकटा भाऊ. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट बाबांनी नोकरीत असताना स्वतःच्या पगारातून घेतला. पुरंदर तालुक्यात तीन एकर शेती आहे, ती पणजोबांपासून चालत आलेली. आजोबा १९५१ साली गेले आणि बाबा एकुलते, म्हणून सातबाऱ्यावर इतकी वर्षं फक्त बाबांचं नाव होतं.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, शनिवारी तू आणि अक्का अर्धा तास काढा. वारस नोंदीचं काम आहे. दुय्यम निबंधकाकडे जायचं, फोटो काढायचा, अंगठा द्यायचा, झालं." मी म्हटलं कागद आधी पाठव. कालच व्हॉट्सॲपवर आला. वर ठळक अक्षरात लिहिलंय 'हक्कसोड पत्र'. फ्लॅट आणि शेती, दोन्हींतला आमचा हक्क आम्ही 'स्वखुशीने, विनामोबदला' भावाच्या लाभात सोडतोय, असा मजकूर आहे. आईचीही सही घेणार आहेत.

भावाचं म्हणणं असं: फ्लॅटवर नॉमिनी तोच आहे, म्हणजे फ्लॅट तसाही त्याचाच. अक्काचं लग्न १९८९ चं, त्यामुळे तिला शेतीत कायद्यानेच हक्क नाही. आणि माझ्या लग्नात बाबांनी खूप खर्च केला होता.

भाऊ वाईट नाही. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत रात्री-अपरात्री दवाखान्यात तोच धावला. मला भांडायचं नाही, पण कागद वाचल्यापासून झोप लागत नाहीये. अक्का म्हणते सही करून टाकू, माहेर तुटायला नको. जाणकारांनी कृपया सांगा.

मुळशीची माहेरवाशीण

ताई, शनिवारी जाऊ नका. बाकीचं नंतर वाचा, पण शनिवारी जाऊ नका.

मी २०११ साली अशीच गेले होते. मलाही 'वारस नोंदीचा कागद' असंच सांगितलं होतं. वाचला नाही, कारण समोर सख्खा भाऊ होता आणि मला वाचायची लाज वाटली. रिंगरोडच्या भूसंपादनाची चर्चा सुरू झाली तेव्हा कळलं, सातबाऱ्यावरून माझं नाव कधीच उडालंय. आता दिवाणी दावा चालू आहे. समोरचे वकील दरवेळी तोच फोटो आणि तोच अंगठा दाखवतात. सही माझीच आहे, ती मी नाकारत नाही. मला काय सांगून ती घेतली, हे सिद्ध करायचं ओझं माझ्या डोक्यावर आहे. माहेर राहावं म्हणून सही केली होती. गेल्या पाच वर्षांत त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

निवृत्त वकील, शनिवार पेठ

शिवाजीनगर कोर्टात ३४ वर्षं दिवाणी काम केलं. सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सर्वांत आधी एक गोष्ट. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. शेतीची वारस नोंद तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) होते, फ्लॅटची सोसायटीकडे. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र दिलं की फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो. कुणीही एक वारस अर्ज करू शकतो, ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. जिथे फोटो काढतात आणि अंगठा घेतात, तिथे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हा फरक प्रत्येक बहिणीला पाठ असायला हवा.

आता तुमच्या भावाचे तीन मुद्दे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालक गेल्यावर संस्थेने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नामनिर्देशन ठरवतं. मिळकत त्याच्याकडे वारसांच्या वतीने असते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितलं (जवळच्या नातलग नॉमिनींपुरता विम्याचा नियम २०१५ साली बदलला) आणि कंपनीच्या शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर फ्लॅटला हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम ८ लागू होतं. विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना समान. तुमच्या आजी हयात नाहीत असं धरतो. म्हणजे आई, अक्का, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी चार आणे.

अक्कांच्या लग्नाचा मुद्दा अर्धवट माहितीतून आलाय. महाराष्ट्राने १९९४ साली केंद्राच्या आधी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. आपल्या राज्याने उचललेलं ते मोठं पाऊल होतं. पण त्या दुरुस्तीतून तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. गावोगाव ती ओळ लोकांच्या डोक्यात अजून बसली आहे. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. पुढे वाद उरला तो वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का एवढाच. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील कधी वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालं असेल तरच ते शाबूत राहतं. तुमच्याकडे वाटपच झालेलं नाही, आणि वडील तर आत्तापर्यंत होते. अक्कांना पूर्ण हक्क आहे.

आजोबा १९५६ च्या आधी वारले, म्हणून शेती खरोखर वडिलोपार्जित धरावी लागेल. हिशेब असा. बाबांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं अशी कल्पना करायची. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्या वाटपात पत्नीलाही एक हिस्सा मिळतो, म्हणजे बाबा, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से. मग बाबांचा एक पंचमांश चौघांत वाटायचा, प्रत्येकी एक विसांश. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे पुन्हा एक चतुर्थांश. तुमच्या घरात फ्लॅटच्या वाटेने गेलात काय आणि शेतीच्या वाटेने गेलात काय, हिस्सा चार आणेच.

लग्नाच्या खर्चाबद्दल एवढंच सांगतो की त्याने वारसाहक्क वजा होत नाही. आपल्या कायद्यात तशी तरतूद कुठेही नाही.

चिंचवडचा धाकटा

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, राग मानू नका.

मी १४ वर्षं आईवडिलांना सांभाळलं. बदली नाकारली, बढती गेली. बायकोने नोकरी सोडली. दोन्ही बहिणी परदेशात. वडील गेल्यावर त्यांनीही 'समान हक्क' म्हटलं तेव्हा आतून तुटलो. कायदा समान म्हणतो, मान्य आहे. पण औषधाच्या पावत्या आणि जागलेल्या रात्री कुठल्या रकान्यात लिहायच्या?

निवृत्त वकील, शनिवार पेठ

धाकटे, तुमचं म्हणणं मी अशिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय आणि ते खरं आहे. सांभाळ केला म्हणून कायदा आपोआप जास्त हिस्सा देत नाही. स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करून वडील तुम्हाला जास्त देऊ शकले असते, तो त्यांचा पूर्ण अधिकार होता. आताही बहिणी राजीखुशीने हक्क सोडू शकतात. जवळच्या नात्यात हक्कसोड पत्राला मुद्रांक शुल्कही नाममात्र लागतं. पण त्यासाठी समोर बसून "मी हे केलं, तुम्ही हे सोडावं असं मला वाटतं" असं मागावं लागतं. वारस नोंदीचं नाव सांगून घेतलेली सही आणि मागून मिळालेली सही यात मला फार मोठा फरक वाटतो, आणि कोर्टालाही वाटतो.

आणखी एक. 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण फार सैल वापरतो. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर मुलांसाठी वडिलोपार्जित नसतं. आजोबा १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वकष्टार्जित मिळकत वारसाने वडिलांना मिळाली, तर तीही वडिलांची स्वतःचीच धरतात. त्यात नातवाला जन्मतः हक्क येत नाही. 'आजोबांचं आहे म्हणून माझं आहे' एवढ्या भरवशावर दावे घालून लोक वर्षानुवर्षं हेलपाटे मारतात.

सहकारनगर सोसायटी सेक्रेटरी

फ्लॅटबद्दल थोडं. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याप्रमाणे सभासद वारल्यावर नॉमिनीला आम्ही तात्पुरता सभासद करून घेतो, खरे वारस ठरेपर्यंत. त्यामुळे ताई, आजच सोसायटीला पत्र द्या: आम्ही एवढे वारस आहोत, आमच्या लेखी संमतीशिवाय भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) कायम हस्तांतर करू नये. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. कमिटीतल्या माणसांनाही नॉमिनी म्हणजे मालक असंच वाटत असतं, मलाही सात-आठ वर्षांपूर्वी तसंच वाटायचं. पत्र फाइलला असलं की कमिटी सावध राहते.

सातबारावाला

शेतीसाठी: 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. दर आठवड्याला बघत जा. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात. हरकत घेतली तर तक्रारी नोंद होऊन सुनावणी लागते. प्रमाणित झालेली नोंद मान्य नसेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील. आणि नाव लागलं नाही म्हणून हक्क गेला असं अजिबात नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही. तरीही नाव लावून घ्याच. नाव नसलं की जमीन परस्पर विकली जाते आणि मग तिसऱ्याच माणसाशी भांडावं लागतं.

कर्वेनगरची मधली

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाणार नाही असं भावाला कळवलं. "कुणी कान भरले?" एवढंच विचारलं त्याने. दोन दिवस फोन नाही.

वकीलकाका, दोन शंका. आईनेही सही करायची आहे, तिचं काय? आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर फी किती? मी घरी शिकवण्या घेते, माझी कमाई मोजकीच आहे.

निवृत्त वकील, शनिवार पेठ

आईंचा हिस्सा हा या सगळ्यात माझ्या सर्वांत मोठ्या काळजीचा विषय आहे. ७८ व्या वर्षी राहतं घर दुसऱ्याच्या नावावर करून द्यायची घाई कशासाठी? हिस्सा त्यांच्या नावावर असू दे. त्या त्याच्या पूर्ण मालक आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीची मिळकत तिच्या संपूर्ण मालकीची असते, 'तहहयात खायचा हक्क' एवढ्यापुरती नसते. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. तुमच्या भावाने पाठवलेल्या मसुद्यात तसलं एक अक्षर असेल असं वाटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून मिळकतीचे वाद, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वाटपाच्या दाव्यात ही रक्कम मोठी असते आणि तिच्या धास्तीनेच बायका दावा लावत नाहीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलात की समोरच. पण आधी तिथे मध्यस्थीचा मार्ग विचारा. तुमचं प्रकरण बोलून मिटण्यासारखं दिसतंय.

माहेरवाशीणताई, फसवून घेतलेला दस्त रद्द करायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. कधी आणि कशावरून कळलं याचा पुरावा जपून ठेवा. भूसंपादनाची नोटीस, जुना सातबारा, जे असेल ते.

कोंढव्याहून

आमच्यासारख्या मुस्लिम घरांत काय?

निवृत्त वकील, शनिवार पेठ

तिथे वर लिहिलेला कायदा लागू नाही. वैयक्तिक कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, आणि मुलं असतील तर विधवेला आठवा. तिचा हिस्सा ठरलेला आहे, तो तिला न विचारता कुणी काढून घेऊ शकत नाही. इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देताही येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत समान. कोर्ट फीची माफी आणि मोफत वकील मात्र सगळ्याच स्त्रियांना.

वारज्याची सून

विषय थोडा वेगळा, पण विचारते. सासऱ्यांच्या नावावरच्या घरात राहते. नवऱ्याशी पटत नाही. सासू म्हणते, घर तुझ्या नवऱ्याचंही नाही, उद्या बाहेर काढीन.

निवृत्त वकील, शनिवार पेठ

सासऱ्यांच्या घरात मालकी हक्क नाही, हे खरं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संसार जिथे केला त्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. त्याच वेळी वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार कोर्ट करतं, म्हणून कधी कधी पर्यायी जागेचा किंवा भाड्याचा हुकूम होतो. संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, ते अर्ज भरून देतात. मारहाण होत असेल तर १५१०० ची वाट बघू नका, ११२ लावा.

कर्वेनगरची मधली

तीन आठवड्यांनी लिहितेय.

भाऊ रविवारी स्वतःहून घरी आला. मी हा सगळा धागा छापून ठेवला होता. त्याच्यासमोर ठेवला. चिंचवडच्या धाकट्यांचा प्रतिसाद वाचताना तो थांबला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वकिलाने एकाच कागदात सगळं बसवतो म्हटलं, मी हो म्हटलं. तुम्हाला फसवायचं डोक्यात नव्हतं. पण तुम्ही सही करणारच हे मी धरून चाललो होतो." मी म्हटलं, मला दुखलं ते नेमकं हेच.

ठरलं ते असं. आई असेपर्यंत फ्लॅटला कुणी हात लावायचा नाही. सोसायटीत चौघांनी मिळून पत्र दिलं, भाऊ तात्पुरता सभासद. बाबांच्या आजारपणातला त्याचा खर्च आम्ही दोघी वाटून घेणार. पावत्या त्याने ठेवल्या होत्या, आम्ही कधी मागितल्याच नव्हत्या, ही आमची चूक. शेतीसाठी त्यानेच ई-हक्कवर अर्ज भरला, चार नावांचा. अक्का म्हणते, नाव लागलं की ती शेतीतला तिचा हिस्सा भावाला देणार. तिला म्हटलं, दे, पण कागद घरी आणून वाच आणि मग दे. मी माझा ठेवणार आहे. हे त्याच्या तोंडावर सांगताना आवाज कापत होता, पण सांगितलं.

नोटीस चावडीवर दिसतेय, १५ दिवस मंगळवारी संपतात.

काका, शेवटची शंका. आई म्हणते तिला मृत्युपत्र करायचंय. भाऊ म्हणतो पुण्यात प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं) लागतं, उगाच कटकट. खरं का?

निवृत्त वकील, शनिवार पेठ

पुण्यातल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी या वयात नोंदणी करून घ्या आणि त्याच सुमाराला डॉक्टरांचा दाखला जोडा. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी आईंना सही करताना पाहिलेलं हवं. साक्षीदार त्यांच्याहून वयाने लहान घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे असा घेऊ नका.

मजकूर सांगताना तुम्ही तिघंही खोलीत नसावं. शेजारच्या कुणाकडे तासभर जाऊन बसा, आणि त्यांनी काय लिहिलं ते त्या सांगेपर्यंत विचारू नका.

कर्वेनगरची मधली

बरं. आईला आत्ताच विचारलं. गुरुवार म्हणते, दुपारची झोप झाल्यावर.